दात मोजण्याचा पगार

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
मला दात मोजायचाच पगार मिळतो.

सरोवराकाठच्या आमच्या इस्पितळात
शवागाराला लागून एक खोली आहे.
आत सतरा यंत्रं. काहींचं प्लास्टिकही निघालेलं नाही,
काहींच्या पोटात पालींनी अंडी घातलीत.
एकशे दहा व्होल्टवर वाढलेली ही लेकरं
आमच्या दोनशे तीसच्या पहिल्याच घोटाला गेली.
एकाचं माहितीपुस्तक फिनिश भाषेत आहे,
ते मी चित्रं बघून वाचते.

माझं नाव तावोंगा. म्हणजे, आम्ही आभारी आहोत.
पाहुण्यांना हे फार आवडतं.
ते वहीत लिहून घेतात,
आणि मी पाना-पेचकस मागं धरून हसते.

जुलैतली रात्र. वीज गेली,
आणि परत आली ती अंगावर धावून.
प्राणवायूच्या एकुलत्या चालू यंत्राचं बटण जळालं.
न्यागोंद्वेची नात, नऊ महिन्यांची,
दर श्वासाला बरगड्या आत ओढत होती.
सिस्टर लुसुंगु हातानं फुगा दाबत होती,
ओठांनी आकडे मोजत होती,
माझ्याकडं बघत नव्हती.

नखाएवढी पितळेची पट्टी हवी होती, एवढंच.
राजधानीला अर्ज केला तर
तीन सह्या, अकरा आठवडे.
यंत्राच्या कपाळावर मात्र पितळच पितळ होतं :
सॉल्वेग लिंडक्विस्ट यांच्या स्मरणार्थ.
कात्री चालेना. हाडं कापायची करवत आणली.
पायरीच्या दगडावर कडा घासल्या.
पहाटे यंत्रानं घसा खाकरला
आणि कामाला लागलं.

उजाडल्यावर नात आजीचं बोट चावत होती.
दोन दात. मोजले मी.

ऑक्टोबरात तो आला. ओरविल, एक्याऐंशी वर्षांचा,
टोपी हातात, बायकोचं नाव बघायला.
संस्थेची पोरगी कॅमेरा घेऊन पुढं.
पाटीवर आता नुसतं 'स्मरणार्थ' होतं,
कुणाच्या ते नव्हतं.
गंज चढला, असं सांगायचं ठरवलं होतं मी.
मग बटण उघडून दाखवलं.
काळ्या पडलेल्या पट्टीवर एक अक्षर अजून दिसत होतं,
तिचं पहिलं.

तो बराच वेळ वाकून राहिला.
विचारलं, "तापते का ही?"
म्हटलं, "नाही. वीज नीट जाते हिच्यातून."
म्हणाला, "पाटी मुलांना हवी होती.
तिला शेवटी फक्त खिडकी उघडी हवी होती."

पोरगी म्हणाली, नवं मॉडेल आलंय,
फोनवरून चालतं, तेच पाठवू.
मी खिशातला कागद काढला. दोन वर्षं जपलेला,
घामानं मऊ झालेला :
बटणं, फ्यूज, गाळणीचा फोम,
तो एक तिरका स्क्रू जो कुठंच मिळत नाही,
आणि कुणीतरी माझ्या हाताखाली शिकायला.
सगळं मिळून एका यंत्राच्या खोक्याच्या भाड्याएवढं.
"फ्यूजचा फोटो काय काढायचा?" ती पुटपुटली.
खरं होतं तिचं. मलाही उत्तर सुचलं नाही.
ओरविलनं कागद घडी करून टोपीत ठेवला.

पार्सल निघालं म्हणे. कस्टमात अडकलंय :
'सुटे भाग' या नावाची देणगी
त्यांच्या यादीत नाही.
जुलै परत आलाय.
पट्टी एका कडेनं पातळ होत चाललीय, मी रोज बघते.
स्मरणार्थमधलं अजून थोडं कापता येईल.

काल न्यागोंद्वे आली, कागदात वाळवलेले उसिपा घेऊन.
नात पाठीवर, माझ्या पेचकसाला हात घालणारी.
आमच्या भाषेत आभार मानायला एकच शब्द आहे.
ती गुडघे वाकवून म्हणाली, येवो.
मी फाटकाकडं, टपालाच्या गाडीच्या वाटेकडं बघत
तिला म्हटलं,
येवो.